कारखान्याची सोयरीक

परवा अंजू, माझी मुलगी, मला तिच्या ऑफिसच्या कसल्याशा कार्यक्रमाला घेऊन गेली. पुण्यातलं बडं हॉटेल, दात वाजतील इतकी गार हवा, गोल टेबलं. पुढे एकेक तरुण उभा राहून आपल्या नव्याकोऱ्या कंपनीबद्दल धापा टाकत बोलत होता आणि समोर बसलेली पैसेवाली माणसं त्याला नखशिखान्त न्याहाळत होती. मी हळूच विचारलं, "काय गं चाललंय हे?" अंजू चंदीगडला वाढली. घाईत असली की अजून हिंदीतच उत्तर देते. "मम्मा, एंजल नेटवर्क है. नई कंपनी को शुरू में कोई बैंक पूछता नहीं. तो ये लोग अपना पैसा डालते हैं, सलाह देते हैं, चार जगह पहचान करवा देते हैं. हम दोनों को मिलवाते हैं, बस."

"दोनों को मिलवाते हैं" ऐकलं मात्र, आणि मला असं हसू फुटलं की शेजारच्या बाईंनी घाबरून माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. एंजल म्हणे! अहो, हे सगळं आमच्या अण्णा खरवंडीकरांनी चंदीगडला कधीच करून ठेवलं होतं. इथे पोहे नव्हते, एवढाच काय तो फरक.

अण्णा बावीस सेक्टरात आमच्या खाली, तळमजल्यावर राहायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका सरकारी खात्यात त्यांनी नोकरी केली, चंदीगडलाच निवृत्त झाले आणि परत गेलेच नाहीत. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. डोक्यावर माकडटोपी दिवाळीत चढायची ती होळीलाच उतरायची. तीस वर्षं उत्तरेत काढूनही त्यांची हिंदी नगरच्या वेशीबाहेर पडली नव्हती. "हमारे में ऐसा नहीं चलता" हे वाक्य दूधवाल्यापासून मेजर जनरलपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं. पंजाबीतला एकच शब्द त्यांनी आपलासा केला होता, तो म्हणजे "फेर?" पुढे काय, या अर्थाचा. तुम्ही दाढ दुखते सांगा की बदली झाली सांगा, अण्णा मान तिरकी करून म्हणणार, "बरं. फेर?" आमचे हे एकदा त्यांना सांगायला गेले की माझं ब्लडप्रेशर वाढलंय. "फेर?" म्हणाले अण्णा. हे घरी येऊन माझ्यावरच उखडले, "फेर काय फेर? मरायचं का आता मी?"

पण अण्णांची खरी ख्याती वेगळीच. ते लग्नं जुळवायचे. मिलिटरीतले, एअर फोर्समधले, बँकांतले, सरकारी खात्यांतले जे मराठी लोक बदलीवर तिकडे यायचे, त्यांच्या लग्नाच्या मुलामुलींची नोंद अण्णांकडे. एक दमडी घेत नसत. छापील फॉर्म होते: उंची, रंग, शिक्षण, गोत्र, मंगळ, अपेक्षा. रविवारी सकाळी दहाला पाहण्याचा कार्यक्रम, त्यांच्याच बैठकीच्या खोलीत. पोहे माईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, आणि नियम अण्णांचे. मध्यस्थाने दोन्ही घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. पसंती तोंडी सांगायची नाही. घरी जायचं, चार दिवस विचार करायचा आणि पत्र टाकायचं. "पत्र हातात पडेपर्यंत काहीही ठरलेलं नसतं," असं ते बोट नाचवून सांगायचे. पुढे पुढे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना स्थळ म्हणूनच दिसायला लागली. आमचा नवा फ्रिज बघायला आले, दार उघडलं, मिटलं, मागे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सालस आहे. आवाज नाही. घराणं कुठलं?"

मग पंजाबातले ते अतिरेक्यांचे वाईट दिवस आले. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. दिवेलागणीला बाजार ओस, बस बंद, रस्तोरस्ती तपासणीची नाकी. ज्याला त्याला बदली हवी. आम्हीसुद्धा अर्ज टाकून बसलो होतो, खोटं कशाला सांगू! अण्णांच्या नोंदवहीचं तर कंबरडंच मोडलं. चंदीगडला मुलगी द्यायला कोणी तयार होईना. एका बापाने लिहिलं, मुलगा सर्वगुणसंपन्न आहे, पण त्याची बदली होईपर्यंत तो आम्हाला पसंत नाही. रविवार रिकामे जाऊ लागले. माई मला म्हणायच्या, "सुधाताई, यांना काहीतरी जुळवायला द्या हो, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात घुसतील." आणि घुसलेच. एका दुपारी त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांना झाकणं जुळवली आणि ज्याचं झाकण सापडेना त्या डब्यापाशी हळहळत बसले.

अशाच एका रविवारी जसबीरसिंग आला. मोहालीपलीकडच्या गावातला, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. सहा फुटांच्या वर उंच, छातीवर रुळणारी दाढी, आणि स्वभावाने अगदी गरीब गाय. वडील नव्हते, घरी एकटी आई. त्याने गव्हातली ओल मोजायचं यंत्र बनवलं होतं. तेव्हा मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, गहू गेला की दलाल एक दाणा दाताखाली फोडायचा आणि म्हणायचा, ओला आहे, भाव कमी. शेतकऱ्याने काय त्याच्या दाताशी भांडायचं? जसबीरच्या डब्यात मूठभर गहू टाकला की काटा फिरून किती ओल ते सांगायचा. काटा खरं सांगतो का, हे तपासायला कोणीतरी त्याला अण्णांकडे पाठवलं होतं.

अण्णांनी यंत्र तीन दिवस घरी ठेवून घेतलं. त्यांचा गहू मोजून झाला, आमचा झाला, समोरच्या बंगाल्याचा तांदूळ झाला. चौथ्या दिवशी जिना चढून वर आले. "सुधाताई, यंत्र निर्दोष आहे. मुलगा हिरा आहे. एक शेड आणि थोडं भांडवल मिळालं तर कारखाना उभा राहील. बँक म्हणते तारण आणा. त्याच्याकडे तारण ठेवायला आई आणि एक म्हैस."

"बरं. फेर?" मी म्हटलं.

"फेर काय फेर! तिकडे लुधियान्याचे पैसेवाले पैसे घेऊन दिल्लीला पळतायत. त्यांना इथे काय करावं कळत नाही, याला कुणाकडे जावं कळत नाही. मध्यस्थ नाही म्हणून अडलंय सगळं!" असं म्हणून ते दोन दोन पायऱ्या उतरत गेले. चार दिवसांत रबरी शिक्का तयार: 'प्रादेशिक तंत्र-उद्योग परिचय मंडळ, चंदीगड'. कार्यालय, बैठकीची खोली. फॉर्म जुनेच, कारण गठ्ठाच्या गठ्ठा शिल्लक होता. 'रंग' खोडून 'वजन' केलं. 'गोत्र'च्या जागी 'मूळ कल्पना कोणाची'. 'मंगळ आहे काय' यावर काट मारून लिहिलं, 'वीज गेल्यावर चालते काय'. 'अपेक्षा' तेवढी होती तशी राहिली.

पैसेवाली तीन माणसं त्यांनी गाठली. लुधियान्याचे अरोरासाहेब, नटबोल्टचा मोठा कारखाना असलेले. निवृत्त ब्रिगेडियर संधू. आणि डॉक्टर बक्षीबाई, शहरात स्वतःचं नर्सिंग होम असलेल्या. प्रत्येकाच्या दारात अण्णा इतके तास बसले की शेवटी ही म्हातारी ब्याद टळावी म्हणून तिघांनी रविवारचं आमंत्रण घेतलं.

आदल्या दिवशी जसबीरची तालीम. "नजर खाली. ट्रे दोन्ही हातांत. विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही." मी तिथेच होते. मला राहवलं नाही. "अण्णा, यात मुलीची बाजू कोणती?"

"ज्याला गरज, ती मुलीची बाजू," अण्णा सहज म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हा बायकांना गरजू समजून ट्रे धरायला लावलात होय?" आतून माईंनी ठणकावून सांगितलं, "पोहे मी करणार नाही!" अर्थात केले. पण त्या दिवसापासून मुलींच्या फॉर्मवरचा 'रंग'सुद्धा अण्णांनी खोडला, हेही सांगायला हवं.

रविवारी तो एवढा धिप्पाड सरदार दाढी छातीला टेकवून, नजर जमिनीला खिळवून पोह्यांचा ट्रे घेऊन आला तेव्हा मी पडद्याआड तोंडात पदर कोंबला. अरोरासाहेबांनी बशी दोन घासांत रिकामी केली. "खरवंडीकर जी, नमकीन बढ़िया था. खाना कब लगेगा?" खाना नव्हताच. माई आत कपाळाला हात लावून बसल्या.

ब्रिगेडियर म्हणाले, "जवान, तुम्हारी मशीन क्या करती है?"

"जी, नमी नापती है."

"और?"

"बस जी."

अण्णा सावरायला धावले. "शर्मीला है. घर का संस्कार है. लेकिन सोल्डरिंग सब खुद करता है, बाहर से नहीं मंगवाता." तेव्हा बक्षीबाई हसून म्हणाल्या, "अण्णाजी, हमें मशीन लगवानी है या इसकी डोली उठवानी है?" मंडळी उठली आणि गेली. तीन आठवडे झाले तरी एकाचंही पत्र नाही.

अण्णा खचले नाहीत. मंडळी यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत, तर मंडीतल्या खऱ्या गव्हाचे आकडे आणू, म्हणून जसबीरला घेऊन ते सतरा सेक्टरातून खरड गावाच्या बसमध्ये बसले. वाटेत नाकं. जवानाने जसबीरची पिशवी उघडली. आत पत्र्याचा डबा, बॅटरी, लाल-काळ्या वायरी आणि काटा! बस कशी रिकामी झाली ते अण्णांनाही कळलं नाही. एक बाई तर खिडकीतून उतरल्या. जसबीर हात वर करून उभा, चार बंदुका त्याच्यावर रोखलेल्या, आणि अण्णा मधे उभे राहून ओरडतायत, "हमारे में ऐसा नहीं चलता! पहले पूछो, फिर डराओ!" हवालदार जरा वयस्क होता म्हणून निभावलं. अण्णांनी त्याच्यासमोर गहू टाकून काटा फिरवून दाखवला. हवालदाराचे डोळे चमकले. तो तंबूत गेला आणि शिध्याचा गहू ओंजळभर घेऊन आला. काटा पार टोकाला. "दो महीने से लिख रहा हूँ कि राशन गीला आता है, कोई मानता ही नहीं! बाबूजी, लिख के दो!" अण्णांनी तिथेच मंडळाच्या शिक्क्यासह दाखला दिला. शिक्का ते खिशात घेऊनच हिंडायचे. बस दीड तास उशिरा सुटली आणि प्रवाशांनी अण्णांना खरडपर्यंत शिव्या घातल्या. घरी येऊन म्हणतात कसे, "सुधाताई, सरकारदरबारी पहिली पसंती!"

आम्ही पोट धरून हसलो. पण हीच बातमी जसबीरच्या आईच्या कानावर गेली ती एवढीच, की पोरावर बंदुका रोखल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी बीजी आल्या. जसबीरच्या आईला सगळे बीजीच म्हणत. पांढरी ओढणी, उन्हाने रापलेला चेहरा. खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. त्यांच्या गावातली दोन तरुण मुलं घरून गेली ती परत आली नव्हती. एकाला कोणी नेलं, पोलिसांनी की दुसऱ्यांनी, हेसुद्धा कोणी सांगत नव्हतं. जसबीरच्या मामाने दिल्लीला टीव्हीच्या कारखान्यात त्याच्यासाठी नोकरी बघितली होती. "बाबूजी, मुझे कारखाना नहीं चाहिए," त्या म्हणाल्या, "मुझे शाम को लड़का घर में चाहिए."

जसबीर भिंतीला टेकून उभा होता. त्याला जायचं नव्हतं, आणि आईला एकटं टाकून तर मुळीच नाही. अण्णांनी त्या दिवशी "फेर?" म्हटलं नाही. बराच वेळ त्यांनी माकडटोपी हातात घेऊन गोल गोल फिरवली. मग म्हणाले, "बीजी, बैसाखी तक रुको. मंडी में नया गेहूँ आने से पहले कारखाना नहीं हुआ, तो मैं खुद इसको दिल्ली की बस में बिठाता है. और हुआ, तो रोज शाम को मैं लाके देगा." बीजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं, वेळ मारून नेली म्हाताऱ्याने.

बैसाखीला महिना उरला होता. अण्णांनी अरोरासाहेबांना पुन्हा गळ घातली. ते डोळे तपासायला आलेल्या त्यांच्या आईला, माताजींना, बरोबर घेऊन आले. जसबीर ट्रे घेऊन आला, नजर खाली. माताजी मोठ्या खमक्या. पोह्यांकडे बघितलंही नाही, यंत्राकडेच बोट केलं. "पुत्तर, ए डब्बा की ए?"

आता विचारलं म्हटल्यावर बोलणं आलं! आणि विचारणारी गावाकडची म्हातारी. जसबीर जो पंजाबीत सुटला तो अर्धा तास थांबला नाही. दलालाचा दात, ओला दाणा, काटा, बॅटरी, सगळं तिच्या पायाशी बसून सांगितलं. माताजींचे वडील शेतकरी. त्यांचा गहू असाच दाताखाली फोडून पाडून मागायचे, ते त्यांना आठवलं आणि त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून मुलाला म्हणाल्या, "ओए, मिठाई ला!" मोटारीतून लाडू आले. माताजींनी अख्खा लाडू जसबीरच्या तोंडात कोंबला, हातात अकरा रुपये ठेवले, डोक्यावरून हात फिरवला. अरोरासाहेबांनी अण्णांना असं कवटाळलं की त्यांची टोपी वाकडी झाली. मंडळी आनंदात लुधियान्याला गेली.

"आजी प्रेमळ आहे हो," अण्णा म्हणाले. "आता पत्राची वाट बघू."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. पत्र नाही. अण्णा पोस्टमनला फाटकातच गाठायचे. अरोरांना विचारावं तर मध्यस्थाने पाठपुरावा करायचा नाही, हा आणखी एक नियम. बैसाखी दहा दिवसांवर आली तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी बक्षीबाईंना पुन्हा बोलावलं. पुन्हा ट्रे, पुन्हा पोहे. या वेळी जसबीर बोलला, बाईंना यंत्र आवडलं, आणि "मेरी तरफ से पक्का" असं त्या दारातच म्हणाल्या. वर ही बातमी त्यांनी ओळखीपाळखीत सांगितलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरोरासाहेबांची मोटार आमच्या फाटकाशी करकचून थांबली. "खरवंडीकर! मेरी माँ ने अपने हाथ से मुँह मीठा कराया, शगुन दिया, और आप लड़का किसी और को दिखा रहे हो?"

"लेकिन चिट्ठी किधर आई?" अण्णा खरोखरच गोंधळले होते.

"चिट्ठी?" अरोरासाहेब लालबुंद. "लड्डू के बाद चिट्ठी? मैंने मोहाली का शेड पुतवा दिया! बिजली का कनेक्शन ले लिया! लोगों को बता दिया! अब रखो अपने पास अपनी मशीन!" आणि मोटार गेली.

मी वरच्या गॅलरीत कपाळ बडवून घेतलं. त्यांच्यात लाडू भरवला, शगुन दिला, की सोयरीक पक्की! गल्लीतल्या कोणत्याही पोराने सांगितलं असतं. तीस वर्षं राहून अण्णांना ठाऊक नाही, आणि दहा वर्षं राहून मलाही नाही. आपण मराठी लोक आपल्यातच बसून पोहे खाणार, आणखी काय होणार! "अरे, तू तरी बोलायचंस!" मी जसबीरवर खेकसले. तो रडवेला झाला. "आंटीजी, अण्णाजी ने कहा था, पूछे बिना बोलना नहीं. मैंने सोचा, शायद आपके में दो बार होता है."

ऐकून बक्षीबाईही बिथरल्या. दुसऱ्याचं ठरलेलं स्थळ आपल्याला दाखवलं, म्हणजे आपलाही अपमान! त्यांनी फोनवरच नको म्हणून टाकलं. बैसाखीला नऊ दिवस. जसबीरच्या ट्रंकेला कुलूप आणलं गेलं. अण्णा जेवले नाहीत. संध्याकाळी मी खाली गेले तर अंधारात बसलेले. "सुधाताई," ते म्हणाले, "लग्न मोडलं तर दुसरं जुळवता येतं हो. हा पोरगा माझ्या मूर्खपणामुळे आईपासून तुटतोय." त्यांचा तो खणखणीत आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला भडभडून आलं. मग रागही आला. "मग बसलात काय? उठा! उद्या लुधियान्याला जायचं. मी लाडू करते."

बेसनाचे केले. पहाटेच्या पहिल्या बसने अण्णा, माई आणि मी निघालो. अरोरांच्या घरी साहेबांनी तोंड फिरवलं. माताजी अंगणात मंजीवर, म्हणजे बाजेवर, बसल्या होत्या. अण्णा थेट त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. "माताजी, हमारे में चिट्ठी से पक्का होता है, तुम्हारे में लड्डू से. तीस साल में मुझे मालूम नहीं पड़ा. मैं गधा है. लड़के का कुछ गलती नहीं."

माताजी गंभीर चेहऱ्याने बघत राहिल्या. "चिट्ठी तो फट जाती है," त्या म्हणाल्या. "खाया हुआ लड्डू कोई वापस कर सकता है?"

"नहीं जी."

"तो फिर टूटा क्या?"

अरोरासाहेब मध्ये पडले. "माँ, इन्होंने डॉक्टरनी से भी हाँ करवा ली! एक लड़की, दो घर? ऐसा कहीं होता है?"

"ओए, लड़की है वो?" माताजी कडाडल्या. "दाढ़ी देखी है उसकी? कारखाना है कारखाना! ये मंजी एक पाये पर खड़ी होती है क्या? एक पाया तू, एक डॉक्टरनी, एक वो फौजी. और चौथा..." त्यांनी अण्णांकडे बोट केलं. "चौथा ये. जो चीज़ खुद नहीं खाता, दूसरों को क्यों खिलाता है?"

खरं सांगते, एंजल नेटवर्क म्हणून अंजू जे मला समजावत होती ना, ते चंदीगडला त्या क्षणी सुरू झालं. तोवर अण्णांचं डोकं एक मुलगी, एक मुलगा यापलीकडे जातच नव्हतं. चौघांनी मिळून थोडा थोडा भार उचलायचा, हे त्या निरक्षर बाईने बाजेवर बसल्या बसल्या ठरवलं. अण्णा चाचरत म्हणाले, "लेकिन मध्यस्थ को..." तेवढ्यात त्यांच्यापुढे पराठ्यांची चवड, लोण्याचा गोळा आणि हातभर उंच ग्लासात लस्सी आली. अण्णांनी असहाय होऊन माईंकडे पाहिलं. माई दातओठ खात पुटपुटल्या, "गिळा मुकाट्याने." अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्थळाच्या घरी खाल्लं, आणि चार पराठे खाल्ले. मग अरोरासाहेबांना माझा बेसनाचा लाडू भरवला. त्यांच्या ताळूला चिकटला, त्यामुळे त्यांना पुढचं भांडता आलं नाही. त्यांनीच बक्षीबाईंना फोन लावून समजावलं. ब्रिगेडियर तर ट्रे नसेल तर यायला केव्हाही तयार होते.

बैसाखीच्या आधी दोन दिवस शेडचं दार उघडलं. मंडीत पहिलं यंत्र ठेवलं तेव्हा तिथला सगळ्यात जुना दलाल दाणा दाताखाली फोडून म्हणाला, "ओला." काटा म्हणाला, कोरडा. मग पुन्हा फोडला, पुन्हा काटा. शेवटी दलाल जबडा चोळत म्हणाला की दात हलतोय आपला. जसबीरच्या ट्रंकेचं कुलूप बीजींनी म्हशीच्या गोठ्याला लावलं. पुढे मंडळाने आणखी पाच-सहा स्थळं जुळवली. सगळीच टिकली असं नाही. एकाचं यंत्र उद्घाटनालाच पेटलं, एक नकाशे घेऊन कॅनडाला गेला. अण्णा त्यांना मोडलेली लग्नं म्हणायचे आणि बशीभर पोहे जास्त खायचे.

दोनेक वर्षांनी आमची बदली झाली. निघायच्या आधी मी निरोप घ्यायला बीजींच्या गावी गेले. थंडीचे दिवस, सूर्य कलला होता. बीजी माझ्याशी बोलत होत्या, पण डोळे रस्त्यावर. तेवढ्यात लांबून भांडणाचा आवाज आला. बघते तर जसबीर सायकलवर, आणि त्याच्या शेजारून अण्णांची स्कूटर, अशी रखडत की आता पडते की मग पडते. त्या दिवसांत स्कूटरवर मागे माणूस बसवायला बंदी होती, म्हणून ही वरात. दोघांचं कसल्या तरी वायरीवरून जुंपलेलं. दाराशी येऊन अण्णा थांबले. "बीजी, देख लो. पूरा है."

बीजींनी जसबीरच्या दंडाला नुसता हात लावला आणि मग कुठे माझ्यासाठी चुलीवर चहा ठेवला.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही रोज येता?"

"रोज."

"दोन वर्षं?"

"रविवारी सुट्टी असते की!"

बाहेर काळोख उतरत होता. चंदीगडपर्यंतचा तो सगळा रस्ता, मधली दोन नाकी, आणि हा सत्तरीला टेकलेला काडीसारखा माणूस. "आणि तुम्ही एकटे परत जाणार? तुम्हाला कोणी नेलं म्हणजे?"

"मला कोण नेतंय, सुधाताई?" अण्णा माकडटोपी कानांवर ओढत हसले. "माझा फॉर्म बघून परत करतील." चार लाथा मारल्यावर स्कूटर सुरू झाली आणि ते गेले.

चहा चुलीवर उतू जात होता. पण त्या स्कूटरचा आवाज पार विरेपर्यंत बीजी दारातून हलल्या नाहीत, आणि मीही.